गव्हर्नरांचा केसपेपर

गव्हर्नर ओर्दुएन तार्नोंगु आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते रविवारी, सगळं तोरबेन गाव चर्चमध्ये असताना, आणि मागच्या दाराने. बरोबर पोलीस नव्हते, भोंगे वाजवणाऱ्या गाड्या नव्हत्या. एकच धुळीने माखलेली गाडी होती आणि ती त्यांचा मेहुणा उवा आकाहार स्वतः चालवत होता. आकाहार त्यांचा खासगी सचिवही होता. राज्यातला कुठलाही कागद त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय गव्हर्नरांपुढे जात नसे.

मी दार उघडलं. गव्हर्नर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय गं, तुझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?"

माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या मयताला ते स्वतः आले होते.

मी इव्हेरेन. डॉक्टर सातेर उकेयीमांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं नर्स आहे. डॉक्टर राजकारणात पडले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. का पडले, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला ट्रॅक्टरवर घालून आणत होते, नदीकाठच्या रस्त्यात चाक रुतलं आणि ती तिथेच गेली. डॉक्टर चिखल तुडवत तिथवर गेले होते. परत आल्यावर हात धुता धुता म्हणाले, "सिस्टर, हा रस्ता काही औषधाने बरा होणार नाही." पुढच्या निवडणुकीत ते उभे राहिले. विरोधकांनी ओरड केली, अर्ध्या गावाची पोटं फाडली आणि आता मतं मागतोय. डॉक्टर सभेत शांतपणे म्हणाले, "फाडली, आणि शिवलीही. टाके उसवले असतील त्याने हात वर करावा." लोक हसून हसून बेजार झाले. ते निवडून आले. विधानसभेत दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते, एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना, म्हणून कुणाचेच नसलेले आमचे डॉक्टर अध्यक्ष झाले. तरी दर रविवारी ते तोरबेनला येऊन पेशंट बघायचे. गव्हर्नरांनी रविवार निवडला तो त्यामुळेच.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना एक कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. गव्हर्नरांनी बराच वेळ घेतला. गोल चांगला काढला, पण बाराच्या बारा आकडे एकाच बाजूला दाटीने लिहिले आणि दुसरी बाजू मोकळी सोडली. मग कागद लांब धरून बघितला.

"चित्रकलेत मी शाळेतही नापासच व्हायचो," ते म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. आकाहार खिडकीतून बाहेर बघत होता.

देशाच्या राजधानीत, अबुजाला, दुसऱ्या नावाने त्यांच्या डोक्याचे फोटो काढून आणले. स्मृतिभ्रंश होता, आणि वेगाने वाढणारा. डॉक्टरांनी आकाहारला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "यांनी आता काम थांबवायला हवं. सही करायचा कागद यांच्यापुढे ठेवू नका."

"पुढच्या वर्षी निवडणूक होऊ दे, मग बघू," आकाहार म्हणाला. "तोवर तुम्ही डॉक्टर आहात, अध्यक्ष नाही. बरोबर ना?"

"पेशंटपुरता, हो."

केसपेपर मी लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवली. तेव्हा मला भीती वाटली नव्हती. वाईट वाटलं होतं.

भीती सुरू झाली ती म्बाकेरनंतर. म्बाकेर म्हणजे नदीपलीकडची वस्ती. तिथे मासेमारीच्या तळ्यावरून दोन भावकींत नेहमी भांडण व्हायचं, डोकी फुटायची, मग मोठी माणसं बसून मिटवायची. त्या वेळी वरून हुकूम निघाला आणि बंदूकवाले पोलीस गेले. अकरा माणसं मेली. जखमींना होड्यांतून आमच्याकडे आणलं. डॉक्टर राजधानीतून धावत आले आणि दीड दिवस उभे होते. ज्यांना वाचवता आलं नाही त्यांची नावं ते मला एकेक करून लिहायला सांगत होते.

काम संपल्यावर एका शिक्षकाने त्यांना हुकुमाची प्रत दाखवली. डॉक्टरांनी ती खिडकीशी नेऊन बघितली आणि मला बोलावलं. खाली गव्हर्नरांची सही होती. तिच्याखाली, थोडी वाकडी, तीच सही आणखी एकदा केलेली होती. एकदा सही झाल्याचं ते विसरून गेले होते.

"त्यांनी वाचलंही नसेल, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "आणि हे फक्त आपल्यालाच माहीत आहे."

त्यानंतर आठवडाभरातच दवाखान्यासमोर, संत्रीवाल्या बायका बसतात तिथे, एक काळी जीप उभी राहू लागली. आत दोघे बसलेले असत. उतरत नसत, कुणाशी बोलत नसत. संत्रीवाल्या बायका दोन दिवसांत तिथून उठून बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पेशंट कमी झाले. ताप अंगावर काढू, पण त्या जीपसमोरून जायला नको, असं लोक म्हणू लागले.

आधी आला तो उपगव्हर्नरांचा वकील. शाग्बा त्याचं नाव. गोड बोलणारा, पांढरे स्वच्छ कपडे. गव्हर्नर आजारी आहेत अशी कुणकुण त्यांच्या गटाला लागली होती. मंत्रिमंडळाने ठराव केला तर गव्हर्नरांना तपासून पदावरून उतरवायला पाच डॉक्टरांची समिती नेमायचा अधिकार अध्यक्षांचा, म्हणजे आमच्या डॉक्टरांचा. पण ठराव करायला मंत्र्यांना काहीतरी हातात हवं होतं.

"सिस्टर, तुम्ही काही द्यायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही फक्त एक दिवस किल्ली टेबलावर विसरून जायची. अकरा माणसं मेलीत. बारावा मेला तर कुणाच्या डोक्यावर?"

मी म्हणाले, "कपाटात बँडेजं आहेत."

तो गेला. दोन दिवसांनी भर दुपारी आकाहार आला. माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसला, टेबलावरच्या वाटीतले माझे शेंगदाणे सोलून खाऊ लागला. सालं नीट एका बाजूला रचत होता.

"शाग्बाने काय मागितलं?"

"काही नाही, साहेब."

"खोटं बोलताना तुम्ही गणवेशाच्या कडेशी चाळा करता. असो. तुमची मुलगी सेवुएसे अध्यापक विद्यालयात आहे ना? तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसते. हुशार आहे म्हणतात. सायकलने जाते एकटी."

तो आणखी दोन शेंगा सोलून उठला. "कागद लवकर जळतात, सिस्टर. असा एखादा जळला तर कुणी तुम्हाला विचारणार नाही. उलट आभारच मानतील."

तो गेल्यावर मी त्या सालांकडे बघत राहिले. ती उचलून टाकायलाही माझा हात होईना. संध्याकाळच्या बसने मी सेवुएसेला माझ्या बहिणीकडे दुसऱ्या राज्यात पाठवलं. ती रडली, भांडली. मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिच्याही तोंडून कुठेतरी गेलं असतं.

रविवारी डॉक्टर आले. खूप वाळले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी जाळते तो कागद. मला एकच पोर आहे."

ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मी रोज सभागृहात जाण्याआधी ओकतो, सिस्टर. खोटं नाही सांगत. माझ्या गाडीच्या मागे एक गाडी असते. बायको म्हणते, दे सोडून सगळं. जाळला तर आकाहार आणखी हुकूम काढेल, म्बाकेरसारखे. शाग्बाला दिला तर उद्यापासून या गावातला कुठला माणूस मला आपलं दुखणं सांगेल? गुप्तरोगवाले, पोट पाडायला आलेल्या पोरी, सगळे याच टेबलाशी बसतात."

"मग?"

"ज्याचा कागद आहे त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही."

मला वाटलं यांचं डोकं फिरलं. गव्हर्नरांना भेटायचं म्हणजे आकाहारला ओलांडून जायचं. पण संधी आकाहारनेच दिली. त्या बुधवारी त्याचाच फोन आला. गव्हर्नरांना पाच दिवस पोट साफ झालं नव्हतं, फुगलं होतं, ते कण्हत होते. दुसरा डॉक्टर बोलवायची सोय नव्हती. डॉक्टर सभागृहाची बैठक उपाध्यक्षांवर सोपवून मला न्यायला तोरबेनला आले. निघताना मला म्हणाले, "केसपेपर घ्या."

मी तो गणवेशाच्या आत, पोटाशी बांधला. साठ मैलांच्या रस्त्यात चार ठिकाणी अडवलं. दर वेळी तो कागद कुरकुरतोय आणि शिपायाला ऐकू जातोय असं मला वाटे.

गव्हर्नरांची खोली मोठी होती, आणि सगळे पडदे ओढलेले. ते पलंगाच्या कडेला बसले होते, अंगावर आपल्या तिव जमातीचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड गुंडाळलेलं. आरशाच्या चौकटीत एक चिठ्ठी खोचली होती. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: मी ओर्दुएन. मी गव्हर्नर आहे. उवा घरातला आहे.

आकाहार भिंतीला टेकून उभा राहिला. हलायची चिन्हं दिसेनात. डॉक्टरांनी पोट तपासलं. मग मला सांगितलं, "एनिमा द्यावा लागेल."

मी रबरी नळी काढली, बादली मागितली, साबणाचं पाणी केलं. मग आकाहारकडे वळून म्हणाले, "साहेब, यांना त्या कुशीवर वळवायला धरा जरा. आणि कापड वर घ्या."

बायकोच्या भावाने आपल्या मोठ्या मेहुण्याचं उघडं अंग बघायचं, तेही असं, हे त्याला काही झेपलं नाही. "मी बाहेर आहे," तो म्हणाला. "दाराशीच."

दार लागलं. एनिमा मी खरंच दिला. त्या माणसाला वेदना होत होत्या. पोट मोकळं झाल्यावर त्यांचा चेहरा निवळला, डोळे जागेवर आले. मी त्यांना पुसलं, स्वच्छ कापड दिलं. तोवर किती मिनिटं गेली ते मी मनगटावर बघत होते. पंधरा.

डॉक्टर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "बाबा, मी तुम्हाला तुमचा केसपेपर वाचून दाखवतो."

आणि त्यांनी वाचला. हळू, घरच्या भाषेत, एकही शब्द न गाळता. ते घड्याळही दाखवलं. गव्हर्नर ऐकत राहिले. मला वाटलं आता ते ओरडतील, दार उघडेल आणि आम्ही संपलो. पण ते बारीक आवाजात म्हणाले, "मला वाटलंच होतं. विचारायची हिंमत नव्हती. सकाळी उठलं की मी आधी ती चिठ्ठी वाचतो. एखाद्या दिवशी ती कुणी काढून घेतली तर मी काय करू?"

डॉक्टरांनी केसपेपर बाजूला ठेवला.

"सातेर, म्बाकेरला पोलीस मी पाठवले का? लोक कुजबुजतात. मी आलो की गप्प होतात."

"हुकुमावर तुमची सही आहे, बाबा."

"किती माणसं?"

"अकरा."

"नावं माहीत आहेत?"

डॉक्टरांनी नावं सांगितली. गव्हर्नर प्रत्येक नाव पाठोपाठ म्हणत होते. सहाव्या नावाला पहिलं विसरले, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. असं तीनदा झालं. बाहेर आकाहारच्या बुटांचा आवाज येत होता, इकडून तिकडे. मी पलंगाचा दांडा धरून उभी होते.

शेवटी ते म्हणाले, "मला सोडायचंय. कसं सोडायचं असतं?"

"राजीनामा लिहून. तुमच्या हाताने."

"कुणाला द्यायचा?"

"विधानसभेच्या अध्यक्षाला. त्याच्या हातात पडला की झालं."

"तो कोण आहे सध्या?"

"मीच, बाबा."

गव्हर्नर हसले. अगदी पूर्वीसारखे, पोट हलवून. "म्हणजे तू मला दोन्हीकडून धरलंस."

डॉक्टरांनी बॅगेतून कोरा कागद आणि पेन काढलं. ते म्हणाले, "हो. म्हणून मी तुम्हाला लिहा म्हणणार नाही, लिहू नका म्हणणार नाही. कागद इथे ठेवतो."

गव्हर्नरांनी पेन उचललं. चार ओळी लिहायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू. तारीख घातली ती वीस वर्षांपूर्वीच्या सालाची, ते पंचायतीचे अध्यक्ष होते त्या वर्षाची. मी ते बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं, पण तोंड उघडलं नाही. गव्हर्नरांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"चुकलं का काही?"

"तुम्हीच बघा, बाबा."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर शोधलं, उठून त्याच्याजवळ गेले, बोट ठेवून साल वाचलं, परत आले, खोडलं, नवीन घातलं आणि बाजूला सही केली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "झालं का नाही?"

"आत येऊ नका, साहेब," मी म्हणाले. "अजून सुरूच आहे."

बाहेर तो दोन पावलं मागे सरकल्याचं ऐकू आलं. गव्हर्नरांनी पत्र डॉक्टरांच्या हातात ठेवलं. मग केसपेपर मागून घेतला, घडी घातली आणि अंगावरच्या कापडात खोचला. "हा माझा आहे," ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. पत्र मी एनिमाच्या पिशवीत, ओल्या टॉवेलखाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं.

फाटकावर शिपायाने डॉक्टरांची बॅग उलटी केली. मग माझ्या पिशवीकडे वळला. "हिच्यात काय?"

"गव्हर्नरसाहेबांचं पोट," मी म्हणाले. "हात घालून बघा." त्याने नाक मुरडलं आणि जा म्हणाला. गाडीत बसल्यावर मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. मोठा रस्ता लागला तरी ती सोडली नाही. डॉक्टरांनी काच खाली केली आणि बाहेर तोंड काढून ओकले.

आम्ही थेट विधानभवनात गेलो. त्या दिवशी बैठक चालू होती. मी वर, लोकांच्या बाकांवर बसले. डॉक्टर आसनावर चढले आणि पत्र वाचलं. सुरुवातीला कुणाला समजलंच नाही. मग जो गोंधळ झाला त्यात खुर्च्या उडाल्या. डॉक्टर बसून राहिले. त्यांचे हात टेबलाखाली होते, आणि ते का खाली आहेत हे फक्त मला ठाऊक होतं.

रात्रीच्या आत उपगव्हर्नरांनी शपथ घेतली. पुढच्या आठवड्यात जीप गेली, पण आकाहार गप्प बसला नाही. त्याने कोर्टात दावा लावला: आजारी माणसाकडून डॉक्टरने फसवून लिहून घेतलं. केसपेपर त्याने कधीच जाळला असणार. आमच्याकडे पत्राशिवाय काही उरलं नव्हतं. पत्रावरचं ते खोडलेलं साल कोर्टात मोठं करून भिंतीवर दाखवलं गेलं. वकिलाने डॉक्टरांना विचारलं, "लिहिलं तेव्हा गव्हर्नर भानावर होते का?" डॉक्टर म्हणाले, "ते माझे पेशंट आहेत. मी सांगणार नाही." एवढं एकच वाक्य. वकिलाने तोच प्रश्न सात वेळा विचारला.

मलाही पिंजऱ्यात उभं केलं. मी म्हणाले, त्यांनी कॅलेंडर बघून चूक सुधारली, मी डोळ्यांनी पाहिलं. कोर्टाने राजीनामा ग्राह्य धरला. पण डॉक्टरांना त्यांच्याच सभागृहाने सहा आठवड्यांत अध्यक्षपदावरून काढलं. जुन्या गटाचा राग होताच, आणि नव्या गव्हर्नरांच्या गटालाही असा माणूस तिथे नको होता. शाग्बा तर उघड म्हणाला, "आज यांनी गव्हर्नरांना खोलीत एकटं गाठलं, उद्या आमची पाळी." पुढच्या निवडणुकीत ते पडले. म्बाकेरच्या चौकशीचा अहवाल अजून आलेला नाही.

ओर्दुएन तार्नोंगु आपल्या गावी वर्षभर जगले. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी जायचे, मी सोबत. शेवटी शेवटी ते आम्हाला ओळखत नव्हते. कुणी कापड बदलायला हात लावला तरी घाबरून ओरडायचे. त्यांना शांत करायला डॉक्टर त्यांच्याशेजारी बसून राहायचे, कधी कधी दोन दोन तास.

त्यांच्या मातीला जाऊन परत येताना मी एकदाच विचारलं. एवढी वर्षं बरोबर काम केल्यावर तेवढा हक्क होता मला. "डॉक्टर, त्या दिवशी ते खरंच भानावर होते का हो?"

ते गाडी चालवत होते.

"नावं पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणाले, तेव्हा होते," ते म्हणाले. "पत्र लिहिताना होते की नाही, ते मला माहीत नाही, सिस्टर. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मी दाराकडे बघत होतो."